वाचक विचारतात : परमुलखातली पोलिश तालीम

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. पोलंड सोडून परदेशी गेलेल्या लोकांनी तिथे काढलेले हौशी फुटबॉल क्लब हा तो विषय. कोल्हापूर जिल्ह्याने वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून पाच वर्षे राहिलेल्या पोलिश निर्वासितांना जवळून पाहिले आहे आणि शहर फुटबॉलशिवाय उन्हाळ्यात पाऊल टाकत नाही, त्यामुळे या दोन गोष्टींची सांगड इथल्या वाचकांनी घातली याचे आश्चर्य वाटले नाही. पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त इंग्लंडमधील एका शहरात राहतो. कोल्हापुरात असताना तो पेठेच्या संघातून खेळत असे. आता तो तिथल्या ‘पोलोनिया’ नावाच्या हौशी संघात खेळू लागला आहे. संघातील जवळजवळ सर्व मुले पोलंडची आहेत. सामना रविवारी सकाळी असतो आणि खेळल्याबद्दल पैसे मिळण्याऐवजी प्रत्येक सामन्याला हाच पैसे भरतो, हे ऐकून आमच्या घरी सर्वांना हसू आले. हा कसला क्लब? या नावाचा अर्थ काय? आणि आपल्या मुलाने तिथे खेळण्यात काही अडचण तर नाही ना?
— एक पालक, शिवाजी पेठ

उत्तर : पैसे भरून खेळावे लागते यात हसण्यासारखे काही नाही. त्या संघाचा स्वभाव कळतो तो त्यातूनच. परंतु आधी नावाचा अर्थ पाहू, कारण बाकीचे बरेचसे त्या नावातच दडलेले आहे.

पोलिश लोक आपल्या देशाला ‘पोल्स्का’ म्हणतात. ‘पोलोनिया’ हे त्याच देशाचे लॅटिन नाव होय, आणि पोलिश भाषेत हा शब्द परदेशात वसलेल्या समस्त पोलिश समाजासाठीही वापरला जातो. म्हणूनच शिकागो, टोरंटो, मेलबर्न किंवा इंग्लंडमधील एखादे गिरण्यांचे गाव अशा कुठल्याही ठिकाणी पोलिश मंडळींनी संघ काढला, की हे नाव पुन्हापुन्हा भेटते. मायदेशातही हे नाव आहे. वॉर्सा शहरातील पोलोनिया हा क्लब १९११ सालचा. त्या वेळी वॉर्सा रशियन झारच्या अमलाखाली होते आणि पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच, कारण १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि तो पुन्हा उभा राहिला १९१८ मध्ये. अशा काळात अकरा तरुणांनी ते नाव घेऊन मैदानात उतरणे ही निव्वळ क्रीडाविषयक बाब खचितच नव्हती.

आता कोल्हापूरकराला सर्वांत जवळची वाटेल अशी गोष्ट सांगतो. आपल्याकडे फुटबॉल संघाच्या नावापुढे ‘तालीम मंडळ’ असे का असते, हा प्रश्न बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो. त्याला आपण सांगतो, की आधी लाल मातीचा आखाडा होता, आखाड्याभोवती पेठ जमली, पेठेचा गणपती बसला, आणि पुढे त्याच पोरांनी चेंडू पायाने खेळायला घेतला. पोलिश फुटबॉलचा उगमही नेमका असाच आहे. प्राग शहरात १८६२ मध्ये मिरोस्लाव्ह तिर्श यांच्या पुढाकाराने ‘सोकोल’, म्हणजे ससाणा, या नावाची व्यायामसंस्था निघाली. तिचे अनुकरण करून पोलिश लोकांनी १८६७ मध्ये ल्वुफ शहरात स्वतःची संस्था काढली. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि आज ते युक्रेनमध्ये लव्हीव या नावाने ओळखले जाते. दांडपट्ट्याऐवजी तिथे समांतर दांड्या आणि कवायती होत्या, एवढाच काय तो फरक. व्यायाम हे निमित्त आणि परकीय सत्तेच्या डोळ्यांदेखत तरुणांना एकत्र आणणे हा हेतू, हे सूत्र तर लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप दिले, त्या वेळच्या कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावे लागले नसते.

याच सोकोल संस्थेच्या मेळाव्यात, १४ जुलै १८९४ रोजी, ल्वुफ येथील मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी ल्वुफ आणि क्राकूफ या दोन शहरांच्या व्यायामपटूंमध्ये फुटबॉलचा सामना झाला. पोलिश फुटबॉलचा इतिहास या सामन्यापासून मोजला जातो. तो चालला अवघी सहा मिनिटे. व्लोजिमिएश खोमित्स्की या सोळा वर्षांच्या मुलाने गोल केला आणि संयोजकांनी खेळ थांबवला, कारण पुढे कवायतींचा मुख्य कार्यक्रम व्हायचा होता. (राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानाचा कारभार हाती घेतला ते हेच वर्ष. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, परंतु आपल्या माणसाला साल लक्षात ठेवायला सोपे जाते म्हणून सांगितले.)

देशांतर करणाऱ्या पोलिश लोकांनी ही संस्था आपल्याबरोबर नेली. शिकागोमध्ये १८८७ मध्ये तिची पहिली अमेरिकन शाखा निघाली. त्या शाखांना ते ‘घरटे’ म्हणत, कारण ससाण्याचे पिल्लू घरट्यातच वाढणार. पुढे जिथे जिथे पोलिश वस्ती झाली तिथे तिथे आधी चर्च, मग मुलांसाठी शनिवारची पोलिश शाळा, मग जमल्यास ‘दोम पोल्स्की’ नावाची समाजाची वास्तू, आणि या सर्वांच्या अंगाखांद्यावर वाढलेला फुटबॉल संघ असे चित्र दिसू लागले. म्हणजे आपला मुलगा ज्या संघातून खेळतो आहे, त्याला आपण मनातल्या मनात ‘पोलोनिया तालीम मंडळ’ म्हणालात तरी फारसे चुकणार नाही.

इंग्लंडमधील आजच्या बहुसंख्य पोलिश संघांची मुळे मात्र अलीकडची आहेत. पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात दाखल झाला, तेव्हा जुन्या सदस्य देशांपैकी केवळ ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच पूर्व युरोपातील नव्या सदस्य देशांच्या कामगारांना ताबडतोब दारे उघडली. गोदामे, शेतमळे, अन्नप्रक्रियेचे कारखाने आणि बांधकामे यांवर लाखो पोलिश तरुण कामाला लागले. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाला हक्काचा असा रविवार मिळतो, आणि इंग्लंडमध्ये रविवार सकाळच्या हौशी लीग पूर्वापार चालत आलेल्या आहेत. या दोन गोष्टी जुळल्या आणि संघ निघाले. इथे एक लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये राहिलेल्या सैनिकांच्या जुन्या पोलिश संस्था अनेक शहरांत अस्तित्वात होत्या, परंतु नव्याने आलेल्या पोरांनी बहुधा त्यांच्यात शिरण्याऐवजी आपला वेगळा संघ काढणे पसंत केले. जुनी पिढी जनरल अँडर्स यांच्या महायुद्धातील पोलिश सैन्याच्या आठवणींत रमलेली आणि नवी पिढी पाळी सुटण्याची वाट पाहणारी. एकाच पेठेत दोन मंडळे का होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

आता पैशाविषयी. अशा संघाला मैदान नगरपालिकेकडून किंवा शाळेकडून भाड्याने घ्यावे लागते. पंचाचे मानधन क्लब देतो. लीगची प्रवेश फी, विमा, चेंडू आणि जर्सी हा खर्च वेगळाच. तिकीट लावावे असे प्रेक्षक नसतात. असतात ते दोन-चार बायकामुले आणि कुणाचा तरी कुत्रा. म्हणून प्रत्येक खेळाडू दर सामन्याला ठरावीक रक्कम देतो, जिला तिथे ‘सब्स’ म्हणतात. पिवळे कार्ड मिळाले तर त्याचा दंडही बहुधा त्याच्याच खिशातून जातो. सामन्यापूर्वी गोलपोस्टला जाळ्या बांधणे आणि सामना संपल्यावर त्या सोडणे हे काम खेळाडूंचेच असते, आणि चिखलाने माखलेल्या पंधरा-सोळा जर्स्या घरी नेऊन धुण्याची पाळी कुणावर, हा अशा संघातील सर्वांत नाजूक प्रश्न असतो. माझे स्पष्ट मत असे, की हौशी क्लब गोल करणाऱ्यावर टिकत नाही. जर्स्या धुणारा, वर्गणी मागताना न लाजणारा आणि शनिवारी रात्री अकरा जणांना फोन करून उठण्याची आठवण देणारा असा एक माणूस असतो, त्याच्यावर तो टिकतो. तो गाव सोडून गेला की पुष्कळदा वर्षभरात संघही जातो.

अडचणींबाबत दोन गोष्टी आपल्या मुलाला जरूर कळवा. पहिली व्हिसाची. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर आणि अन्य काही व्हिसांवर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई असते. निव्वळ आनंदासाठी, मोबदला न घेता खेळण्यास हरकत नसते. तेव्हा सामना जिंकल्याबद्दल कुणी शंभर पौंड हातावर ठेवू लागल्यास, आपल्या पेठेची सवय विसरून, ते नाकारावेत. दुसरी गोष्ट नोंदणीची. इथे असताना एखाद्या संघटनेकडे खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली असेल, तर तिथे अर्ज भरताना ती सांगावी, लपवू नये. बाकी भाषेची चिंता करू नका. ‘प्लेत्सी!’ अशी आरोळी ऐकू आली, की पाठीमागे प्रतिस्पर्धी आला आहे असे समजावे, आणि ‘चास!’ ऐकू आले की वळायला वेळ आहे असे समजावे. एवढ्या दोन शब्दांवर मध्यरक्षकाचा अर्धा हंगाम निघतो.

प्रश्न : कोल्हापुरात फुटबॉल आणला तो वळिवड्याच्या छावणीतील पोलिश लोकांनी, असे आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ ठामपणे सांगतात. हे खरे आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : नाही. गृहस्थांना नम्रपणे सांगावे, की तारखा त्यांच्या बाजूने नाहीत. पोलिश निर्वासित वळिवड्यात आले १९४३ मध्ये. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, आणि ती कारकीर्द १९२२ ते १९४० अशी आहे. म्हणजे छावणीची पहिली बराक उभी राहण्यापूर्वीच इथल्या तालमींची पोरे चेंडूमागे धावत होती. कुस्तीला शाहू महाराजांनी जो आधार दिला, त्यातून उभ्या राहिलेल्या तालमींनीच पुढे हा खेळ उचलला, आणि त्याचे श्रेय दुसऱ्या कुणाला देण्याचे कारण नाही.

शिवाय छावणीत कोण होते, हेही पाहावे. सोव्हिएत सैन्य १७ सप्टेंबर १९३९ रोजी पूर्व पोलंडमध्ये घुसले. त्यानंतर १९४० आणि १९४१ मध्ये तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर जुलै १९४१ मध्ये पोलंडचे निर्वासित सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, या लोकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभारले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्याबरोबरची कुटुंबे कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. पुरुष लढायला गेले आणि त्यांतील पुष्कळ जण मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोच्या लढाईत होते. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना जिथे जिथे आसरा मिळाला तिथे पाठवण्यात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांना आश्रय दिला हे सर्वश्रुत आहे, आणि वळिवड्यात सुमारे पाच हजार माणसे राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथके असे एक अख्खे पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात नांदले, परंतु त्या गावात प्रौढ पुरुष फार थोडे होते. एखाद्या शहराला नवा मैदानी खेळ शिकवण्याइतके वीस-पंचवीस वर्षांचे तरुण ज्या वस्तीत नाहीत, तिच्यावर हे श्रेय लादणे हा त्या लोकांवरही एक प्रकारचा अन्यायच होय. ते इथे काय सोसून आले होते याची आठवण ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. महावीर उद्यानातील त्यांच्या स्मृतिस्तंभासमोरून रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जण थांबून तो पाहतात, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

प्रश्न : आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून इथे आले आणि पोलिश लोकांनी रिकाम्या केलेल्या बराकींत राहिले. ते पोलिश लोक पुढे गेले कुठे? त्यांनी तिकडे जाऊन आपले क्लब वगैरे काढले का?
— एक कापड व्यापारी, गांधीनगर

उत्तर : आपल्या आजोबांनी ज्या छपराखाली पहिली रात्र काढली, त्याच छपराखाली आधीच्या माणसांनीही ‘घरी कधी जायचे’ असे म्हणत पाच वर्षे काढली होती. मात्र त्यांना घर उरले नव्हते. महायुद्धानंतर पूर्व पोलंडचा तो प्रदेश सोव्हिएत संघात गेला, आणि ज्या राजवटीने हद्दपार केले तिच्याच छायेखालील देशात परतण्यास त्यांतील बहुतेक तयार नव्हते. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले, काही जणींनी कोल्हापूरच्या मुलांशी लग्न करून इथेच संसार मांडला, आणि मोठा भाग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका या देशांत विखुरला. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनासाठी खास कायदा केला होता, त्यामुळे ज्यांचे पती, वडील किंवा भाऊ अँडर्स यांच्या सैन्यात होते त्यांना तिकडे जाण्याचा मार्ग खुला झाला.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण क्लबांच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. युद्धानंतर त्या देशाने युरोपातील छावण्यांमधून सुमारे पावणेदोन लाख विस्थापितांना आणले आणि त्यांच्यात पोलिश लोक मोठ्या संख्येने होते. प्रवास फुकट, परंतु अट अशी, की पहिली दोन वर्षे सरकार सांगेल त्या ठिकाणी सांगेल ते काम करायचे. अभियंता असो वा वकील, त्याने धरणावर किंवा रेल्वेमार्गावर कुदळ चालवायची. अशा माणसांना आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत ओरडण्याची मुभा देणारी जागा म्हणजे फुटबॉलचे मैदान. तिथल्या गोऱ्या समाजाचा खेळ क्रिकेट आणि त्यांचा स्वतःचा लांबट चेंडूचा फुटबॉल. गोल चेंडूचा खेळ स्थलांतरितांचा मानला जाई. इटालियनांचा एक संघ, ग्रीकांचा दुसरा, क्रोएशियनांचा तिसरा आणि पोलिशांचा पोलोनिया, अशी प्रत्येक शहरात रांग लागली. ॲडलेड शहरात पोलिश स्थलांतरितांनी काढलेला पोलोनिया हा संघ आजही खेळतो, फक्त त्याचे नाव पुढे बदलून क्रॉयडन किंग्ज असे झाले. या नामांतराकडे पुढच्या एका प्रश्नात येईन.

या क्लबांच्या बोधचिन्हाविषयी एक बारीक तपशील सांगण्याचा मोह आवरत नाही. पोलंडचे राजचिन्ह पांढरा गरुड. युद्धानंतर तिथे आलेल्या साम्यवादी राजवटीने त्या गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि तो परत बसला राजवट कोसळल्यावर, १९८९ अखेरीस झालेल्या दुरुस्तीने. मधल्या काळात परदेशातील पोलिश संस्थांनी मुकुटधारी गरुडच जपला. एखाद्या जुन्या पोलिश क्लबच्या छायाचित्रात जर्सीवरील गरुड नीट पाहा. डोक्यावर मुकुट असेल, तर ती माणसे फुटबॉल खेळता खेळता आणखीही काही सांगत होती. मात्र केवळ पांढऱ्या गरुडावरून क्लब पोलिश ठरवू नका. सर्बियन लोकांचेही ते चिन्ह आहे आणि टोरंटोमध्ये १९६८ पासूनचा ‘व्हाइट ईगल्स’ हा संघ सर्बियनांचा आहे.

प्रश्न : जर्मनीतील शाल्के हा क्लब पोलिश कामगारांनी काढला, असे वाचले. स्थलांतरितांच्या अशा हौशी संघांतून खरोखर मोठे खेळाडू घडले का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल

उत्तर : शाल्केविषयीचे विधान जसेच्या तसे घेऊ नये. गेल्झेनकिर्खन येथे १९०४ मध्ये काही तरुण मुलांनी तो संघ काढला, आणि रुर खोऱ्यातील कोळसा खाणींवर पूर्वेकडून आलेल्या कामगारांची मुले त्यात मोठ्या संख्येने आली हे खरे आहे. त्यांची आडनावे पोलिश वळणाची, म्हणून विरोधक त्याला हिणवून ‘पोलाकांचा क्लब’ म्हणत. परंतु फ्रिट्झ झेपान आणि एर्न्स्ट कुझोरा हे त्याचे दोन थोर खेळाडू पूर्व प्रशियातील मझुरिया या प्रदेशातून आलेल्या कुटुंबांतील होते. मझुरियन लोकांची बोली पोलिशच्या जवळची असली तरी ते प्रोटेस्टंट होते आणि स्वतःला प्रशियाचे मानत. शाल्केने १९३४ मध्ये जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले तेव्हा पोलिश वृत्तपत्रांनी ‘आपली पोरे जिंकली’ असा गजर केला, आणि घाबरलेल्या क्लबने आपल्या खेळाडूंच्या आईवडिलांची जन्मगावे प्रसिद्ध करून आम्ही जर्मनच आहोत असा खुलासा दिला. वर्ष १९३४ होते आणि जर्मनीत हिटलरची सत्ता होती, हे विसरून त्या खुलाशाला हसू नये.

मोठ्या खेळाडूचे निर्विवाद उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. सप्टेंबर १९१९ मध्ये फ्रान्स आणि पोलंड यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला आणि उत्तर फ्रान्सच्या खाणपट्ट्यात अख्खी पोलिश गावे वसली. त्यांचे पाद्री, शिक्षक, सोकोल शाखा आणि फुटबॉल संघ असे सर्व काही वेगळे होते. अशाच एका खाणकामगार कुटुंबात, न्यू-ले-मिन या गावी, १९३१ मध्ये रेमों कोपाशेव्स्की जन्मला. चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला, तिथल्या अपघातात त्याच्या डाव्या हाताला कायमची इजा झाली, आणि आडनाव कापून ‘कोपा’ झालेला हाच मुलगा पुढे रियाल माद्रिदकडून खेळला आणि १९५८ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सोनेरी चेंडू त्याने पटकावला.

क्लब म्हणून विचाराल तर शिकागोच्या ए.ए.सी. ईगल्स या पोलिश मंडळींच्या संघाचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी १९९० मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय ओपन कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोण, तर न्यूयॉर्कच्या इटालियनांचा संघ. अमेरिकेची जुनी व्यावसायिक लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडलेली आणि नवी १९९६ मध्ये सुरू व्हायची होती. मधल्या पोकळीत राष्ट्रीय फुटबॉलचा कणा या स्थलांतरितांच्या क्लबांनीच ताठ ठेवला होता.

प्रश्न : आमच्या तालमीच्या संघात आता निम्मे खेळाडू बाहेरचे असतात, काही तर परदेशी. जुने सभासद म्हणतात, मग पेठेचे नाव कशाला लावायचे? पोलिश क्लबांनी हा प्रश्न कसा सोडवला?
— एका तालीम मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर : सोडवला असे म्हणणे धाडसाचे होईल. दुसऱ्या पिढीपर्यंत मुले पोलिश बोलेनाशी होतात, वस्ती सोडून उपनगरांत जातात, आणि क्लबपुढे दोनच वाटा उरतात. दार सर्वांना उघडायचे किंवा चाळिशी ओलांडलेल्यांचा संघ म्हणून हळूहळू विझायचे. टिकलेल्या क्लबांनी पहिली वाट घेतली. नावाबाबत ऑस्ट्रेलियात मात्र निर्णय वरून लादला गेला. राष्ट्रीय संघटनेने आधी १९९० च्या दशकात क्लबांवर देशवाचक नावे टाकण्याचा दबाव आणला, आणि २०१४ मध्ये नव्या नावांवर व चिन्हांवर वांशिक किंवा राष्ट्रीय ओळख असू नये असा नियमच केला. पुढे २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला. वांशिक भांडणे थांबावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. ईर्षेच्या सामन्यानंतर स्टेडियमबाहेर काय घडते हे आपणही पाहतो. परंतु ज्यांनी आपल्या मजुरीतून मैदान सपाट केले, त्यांनाच फलकावरील नाव पुसायला सांगण्यात काहीतरी हुकले होते, असे मला वाटते. आपल्या तालमीने नाव बदलू नये. बाहेरून आलेल्या खेळाडूला मात्र मंडळाच्या कार्यक्रमांना बोलवावे, त्याच्या जेवणाखाण्याची चौकशी करावी, आणि हंगाम संपल्यावर त्याचा फोन उचलावा. ही शेवटची सूचना काही कार्यकर्त्यांना झोंबेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : पोलिश नावे मराठीत कशी लिहावीत? वृत्तपत्रांत एकच नाव चार प्रकारांनी येते.
— मुद्रितशोधक, इचलकरंजी

उत्तर : ऐकू येईल तसे लिहावे, अक्षरावरून लिहू नये. पोलिश लिपीत एल या अक्षरावर तिरकी रेघ असेल तर त्याचा उच्चार आपल्या ‘व’ च्या जवळचा होतो. म्हणून क्राकूफच्या प्रसिद्ध क्लबचे नाव ‘विस्ला’ नव्हे, तर ‘विस्वा’ असे लिहिणे बरोबर. डब्ल्यू हे अक्षर ‘व’ आहे, मात्र शब्दाच्या शेवटी आले की ‘फ’ ऐकू येतो. ओ वर तिरपी खूण असल्यास ‘उ’ म्हणावे, त्यामुळे ‘लोड्झ’ असे छापले जाणारे शहर प्रत्यक्षात ‘वूच’ आहे. सोकोलचेही पोलिश रूप ‘सोकूव’ असे होते. वर मी ‘सोकोल’ लिहिले, कारण चेक भाषेतील ते मूळ रूप मराठी जिभेला सोपे आहे आणि दोन्ही ठिकाणची संस्था एकाच नावाने ओळखता येते. उलट दिशेने म्हणाल तर आपले ‘ळ’ आणि ‘ड’ त्यांना पेलत नाहीत, आणि वळिवडे हे नाव रोमन लिपीतून वाचताना पोलिश माणूस ‘वालिवादे’ असेच म्हणतो.